रोजच्या गाडीची घोषणा

ती. ताईंना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग आपलं म्हणायला. सध्या कंबर धरल्यामुळे आठांपैकी जेमतेम दोन-तीन अंगं वाकतात, उरलेली तुम्ही समजून घ्या. (रात्री शेकायची पिशवी मात्र न चुकता उशाशी येऊन पडलेली असते. कोण ठेवून जातं ते दिसत नाही, पण गरम असते. अबोल्यातसुद्धा गरम असते.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं असेल आणि आता सगळं लख्ख दिसत असेल, अशी आशा आहे. साडूसाहेबांना लख्ख बघून फार धक्का बसला नाही ना? त्यांचं घोरणं पूर्वीसारखंच दणदणीत असणार, त्यामुळे त्यांच्या तब्येतीची चौकशी वेगळी करत नाही. आमच्याकडे सगळं क्षेमकुशल आहे. सगळं म्हणजे मी सोडून.

गेले कित्येक दिवस या घरात माझ्याशी कुणी सरळ बोललेलं नाही, आणि घरात माझ्याशिवाय एकच माणूस राहत असल्यामुळे ते कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल. 'सरळ' हा शब्द मी मुद्दाम वापरलाय, त्याचा खुलासा पुढे येईलच. तुम्हाला तिकडून फोन आला असेल तर ही दुसरी बाजू समजा, आणि आला नसेल तर पहिली समजा. बाजू तीच राहील, कारण मी अगदी झालं तसं सांगणार आहे.

तर त्याचं असं झालं. आमच्या वाचनालयाच्या चिटणीसबाई म्हणजे स्वस्थ बसणं ठाऊक नसलेली बाई. वरचा हॉल रिकामा पडून असतो, त्यात नुसत्या मोडक्या खुर्च्या आणि कबुतरं, तेव्हा तिथे काहीतरी बौद्धिक व्हावं असं त्यांच्या मनाने घेतलं. गावातल्या साध्यासुध्या माणसांनी एका संध्याकाळी एकेक करून उभं राहायचं आणि आपल्याला जे येतं त्याच्याबद्दल दहा मिनिटं बोलायचं. वेळ संपली की बाई घंटी वाजवणार. वक्ते पुष्कळ होते, पण ज्यांचं सुखरूप पार पडलं त्यांना मी या पत्रातून वगळतो. उरले तीन. आमचे दातांचे डॉक्टर, विषय 'हसावं कसं'. चौकातले घड्याळवाले काका, विषय 'वेळ'. आणि आमची ही, विषय 'पाणी'. (ती पोहण्याच्या तलावावर वयस्कर बायकांना शिकवते हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण एक आजीबाई पाण्यात उतरायलाच तयार नव्हत्या, नुसत्या काठावर पाय सोडून बसायच्या, तर हीसुद्धा रोज त्यांच्या शेजारी पाय सोडून बसून राहायची, एका शब्दाने आग्रह न करता. महिना उलटला आणि आजीबाई स्वतःच म्हणाल्या, आता किती दिवस बसायचं गं? आणि उतरल्या.)

या सगळ्यांची ओळख करून द्यायला कोण, तर मी. मी बसस्टँडवर माईकवरून गाड्या पुकारायला लागलो तेव्हापासून गावातल्या पोराटोरांना माझा आवाज पाठ आहे. तोंडावर साहेब म्हणतात, पाठ फिरली की भोंगा. मला वाटलं, आवाजाची कदर झाली. चिटणीसबाईंनी खरं कारण नंतर सांगितलं. वाचनालयाचा माईक मधेच बंद पडतो, आणि तुम्हाला तो नसला तरी चालतं, म्हणाल्या.

आता एकदा काम अंगावर घेतलं की मी ते नीटच करतो. नुसतं 'हे अमुक, हे तमुक' म्हणून मोकळा होणाऱ्यातला मी नव्हे. डॉक्टरांची माहिती घ्यायला त्यांच्या दवाखान्यात गेलो. शिक्षण कुठे झालं, असं विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी ते मिटूच दिलं नाही. पुढचा एक दात हलतोय, हे त्यांना माझ्याआधी कळलं. माहिती मिळाली अर्धी आणि दात गेला अख्खा. त्याचा परिणाम असा, की दुसऱ्या दिवशी माईकवर 'स' आला की त्याच्याबरोबर शीळ यायला लागली. 'सुटण्यास सज्ज' म्हटल्यावर तर अशी काही खणखणीत शीळ निघाली, की एका ड्रायव्हरने ती कंडक्टरची शिट्टी समजून गाडी काढली. कंडक्टर उपाहारगृहात चहा ओतून घेत होता. तो बशी हातात धरून गाडीमागे धावला ते सगळ्या स्टँडने पाहिलं. (संध्याकाळी घरी येऊन हे सांगितलं तर ही चष्मा काढून पुसायला लागली. हसू आवरेनासं झालं की ती नेहमी चष्माच पुसते, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. मग म्हणाली, पाण्याखाली सोडतात तसा श्वास अगदी बारीक सोडत बोला. दोन संध्याकाळी समोर बसवून करून घेतलं, आणि शीळ गेली.)

घड्याळवाल्या काकांकडे त्याहून कठीण. दुकानात भिंतभर घड्याळं, आणि प्रत्येकाचं मत वेगळं. यातली खरी वेळ कुठली, म्हणून विचारलं तर काका म्हणाले, ते तुम्हाला घाई किती आहे त्यावर. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी ते वाक्य सुभाषित म्हणून उतरवून घेतलं. मग रोज जेवण झालं की टेबलावर कागद पसरून बसायचो. डॉक्टरांचं पान भरलं, काकांचं पाठपोट भरलं. (टेबलावरचा दिवा मी बसायच्या आधीच डावीकडे सरकवलेला असायचा. उजवीकडे असला की माझ्या हाताची सावली कागदावर पडते, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.) एकदा ती मागे येऊन उभी राहिली आणि विचारलं, माझं काय लिहिलंत? मी म्हटलं, तुझं काय लिहायचं! ताई, मी हे कौतुकाने म्हटलं होतं हो. तुझं काय बाई लिहायचं, तू तर घरचीच, अशा सुरात. पण सूर कागदावर उतरत नाही आणि काही वेळा कानातही उतरत नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल गच्च. कबुतरांनासुद्धा बसायला जागा नव्हती. मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा. (कॉलरचं बटण गेलेलं होतं, ते सकाळी परत आपल्या जागी होतं.) सुरुवातच अशी झाली, की तोंडातून 'श्रोत्यांनी कृपया लक्ष द्यावे' निघालं, आणि एवढ्या वर्षांच्या सवयीने ते दुसऱ्यांदाही निघालं. डॉक्टरांच्या पानावर मी 'यांनी भल्याभल्यांचे दात बसवले आहेत' असं स्पष्ट लिहिलं होतं. पण उत्साहाच्या भरात 'यांनी भल्याभल्यांचे दात घशात घातले आहेत' असं म्हणून गेलो. सगळा हॉल दात काढायला लागला. डॉक्टर उठले आणि म्हणाले, माझा विषय 'हसावं कसं' असा होता, पण तुम्हाला येतंच आहे. पुढे मी 'डॉक्टरसाहेब थोड्याच वेळात सुटतील, तरी आपापले सामान सांभाळावे' एवढं म्हणून खाली बसलो. एकंदरीत छान झालं.

पुढचा नंबर घड्याळवाल्या काकांचा, आणि काकांचा पत्ता नाही. जिन्यावर नाहीत, दारात नाहीत. चिटणीसबाई माझ्याकडे डोळे वटारून बघतायत, जणू मीच त्यांना कुठल्या गाडीत बसवून दिलंय. शेवटी बाईंनी खूण केली की वहिनींना आधी घ्या. हिचा नंबर खरं तर सगळ्यात शेवटी होता. ही पहिल्या रांगेतून उठली आणि येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. मी हातातले कागद चाळले. तिचा कागद नव्हताच. सगळा हॉल माझ्याकडे बघतोय, तीही बघतेय, आणि माझं अर्धं लक्ष जिन्याकडे. मी म्हटलं, "आणि या आमच्या सौभाग्यवती. यांची ओळख करून देण्याची गरज नाही." एवढं बोलून मी काकांना शोधायला जो खाली पळालो, तो पळालोच.

खाली फाटकाशी उभा राहून मी रस्त्याची दोन्ही टोकं पाहत होतो. वरून मधेच हसण्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मग घंटी वाजली, पण ती वाजताच चारी बाजूंनी 'बोलू द्या, बोलू द्या' असा गलका झाला. मला वाटलं, वेळ चांगला निघतोय. काका काही आले नाहीत. मी वर पोचलो तोवर टाळ्या चालू होत्या आणि ही जागेवर जाऊन बसत होती. बघतो तर लोक डोळे पुसतायत. ड्रायव्हर, मास्तरीण, सगळे. मी काही त्यावर विचार केला नाही, सरळ पुढची घोषणा केली. आता गाडी आली नाही तर काय म्हणायचं ते मला झोपेतही येतं, पण माणसासाठी जरा आदराचं काहीतरी हवं, म्हणून म्हटलं, "श्रोत्यांना कळवण्यास अत्यंत खेद वाटतो, की घड्याळवाले काका आज आपल्यात नाहीत."

ताई, एरवी लोक हसले असते. पण हिच्या भाषणाने सगळ्यांचा ऊर आधीच भरून आलेला. मागच्या रांगेत कुणीतरी 'अरेरे' म्हटलं आणि सगळा हॉल उभा राहिला. चिटणीसबाईंनी मान खाली घातली. मला समजेना की लोक का उभे राहिले, पण सगळेच उभे म्हटल्यावर मीही बसता बसता पुन्हा उभा राहिलो. त्या शांततेत काका जिना चढून आले. सगळे उभे आहेत असं पाहून त्यांनीही टोपी काढली, माझ्या शेजारी येऊन मान खाली घातली, आणि थोड्या वेळाने हळूच माझ्या कानात विचारलं, "कोण गेलं?" आता मी काय सांगणार? मी म्हटलं, "तुम्ही." तरी ते शांतता संपेपर्यंत तसेच उभे होते, इतके सज्जन. नंतर 'वेळ' या विषयावर ते फारच सुंदर बोलले.

मी घरी आलो तो तरंगत. दारातच हिला म्हटलं, झालं की नाही फक्कड? ती म्हणाली, "डॉक्टरांचं एक पान. काकांचं पाठपोट. माझी गरज नाही." तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी समजावायला गेलो. म्हटलं, अगं, आमच्या स्टँडवर बघ, लांबच्या गाड्या आम्ही दोनदा पुकारतो, कारण त्या कुणाला माहीत नसतात. जी गाडी दिवसभर गावातल्या गावात फिरते ती आम्ही पुकारतच नाही. रोजच्या गाडीला घोषणा लागत नाही, तिच्यावरच तर सगळं गाव चालतं. मला अजूनही वाटतं की यात काही वावगं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. रोजची गाडी आजपासून बंद."

आणि दुसऱ्या दिवसापासून, ताई, हे सुरू झालं. माझ्याकडे बघत नाही, माझ्याशी बोलत नाही, खिडकीकडे तोंड करून हुबेहूब माझ्या आवाजात घोषणा करते. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चहा ओट्यावर उभा आहे. थंड झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही." आणि तेच पुन्हा एकदा, कारण मी दोनदा म्हणतो. जेवायच्या वेळी, "जेवण थोड्याच वेळात सुटेल." छत्री विसरून निघालो तर जिन्यात मागून आवाज येतो, "आपल्या सामानाची काळजी स्वतः घ्यावी." पहिल्या दिवशी मी हसलो. ती हसली नाही. तिने चष्मासुद्धा पुसला नाही, तेव्हा मी घाबरलो. (पहाटे ती तलावावर जाते तेव्हा किल्ल्या रुमालात गुंडाळून नेते, वाजून मला जाग येऊ नये म्हणून. मला वाटलं होतं, आता निदान तेवढ्या तरी वाजवील. नाही वाजवल्या.)

पण खरी गंमत पुढेच आहे. स्टँडवर जो भेटतो तो एकच म्हणतो: वहिनींनी ती बादलीची गोष्ट काय सांगितली हो! तिकीट खिडकीतली बाई म्हणते, बादलीची गोष्ट ऐकून मी घरी जाऊन आईला फोन केला. चहावाला म्हणतो, बादली. ज्याची गाडी मी शीळ घालून पळवली तो कंडक्टर माझ्याशी बोलत नव्हता, तोही येऊन म्हणाला, बादलीसाठी तुम्हाला माफ केलं. मी सगळ्यांना 'हो ना, हो ना' म्हणतो. काल आमच्या आगारप्रमुखांनी विचारलं, तुम्ही पहिल्यांदा ऐकलीत तेव्हा तुम्हालाही रडू आलं असेल ना? मी म्हटलं, तर! आणि घरी येऊन न्हाणीघरातल्या बादलीकडे बराच वेळ बघत उभा राहिलो. निळी आहे, कडी तुटलेली आहे. ती काही बोलेना. आजकाल घरात कुणीच बोलत नाही.

ताई, वाईट कशाचं वाटतं सांगू का? अबोल्याचं नाही, तो काय, आज ना उद्या संपेल. सगळ्या गावाला माझ्या बायकोची गोष्ट माहीत आहे आणि मला नाही. ती बोलत होती तेव्हा मी फाटकाशी उभा राहून, दुकानात एकही घड्याळ बरोबर चालत नाही अशा माणसाची वाट बघत होतो. हे मनाला फार लागलंय. (तुम्हाला आठवत असेल, शेवटच्या दुखण्यात माझ्या आईला कुणाचाच हात लावलेला चालत नसे. हिचा चाले. आई म्हणायची, पाण्यात धरतेस तशी धर. मी तेव्हा दारात उभा होतो आणि तेव्हाही विचारलं नाही, की पाण्यात कसं धरतात.)

असो. फार लांबलं. आमच्याकडे हवा बरी आहे, भिंतींना रंग द्यायचा चाललाय, वरच्या मजल्यावरच्यांनी कुत्रं पाळलंय आणि ते माझ्यापेक्षा खणखणीत आवाजात पुकारतं. साडूसाहेबांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तुमचा लोभ सध्याच्याच वेळापत्रकाप्रमाणे चालू राहावा.

आपला,
भोंगा

ता. क. मुख्य काम राहिलंच. लोकाग्रहास्तव चिटणीसबाईंनी येत्या शनिवारी पुन्हा संध्याकाळ ठेवली आहे, आणि या वेळी वक्ता एकच, ही. तिने कबूल व्हायला अट घातली. ती मला ओट्याकडून घोषणेतूनच कळली: ओळख यांनीच करून द्यायची, दातांच्या डॉक्टरांपेक्षा एक ओळ जास्त, आणि तिला एक अक्षर विचारायचं नाही. मी काल लिहायला बसलो. 'यांचा जन्म' इथपर्यंत आलो आणि पेन थांबलं. तेव्हा उलट टपाली कळवा: ती पोहायला कुठे शिकली? कुणी शिकवलं? लहानपणी कशी होती? आणि काय वाटेल ते करा, पण ती बादलीची गोष्ट काय आहे ते आधी सांगा. माझ्याजवळ तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही म्हणजे काही नाही हो. (समुद्रावर गेलो की पाण्याला भिऊन मी चपला सांभाळत वाळूत बसतो. ती आत शिरताना दर वेळी एकदा मागे वळून हात करते. मी कुठे जाणार असतो? पण करते. आता हे काय हॉलमध्ये सांगायचं?)

ता. ता. क. पाकीट बंद करायला डिंक सापडत नाही. तो कुठे असतो हे या घरात एकाच व्यक्तीला माहीत आहे आणि तिच्याशी बोलायची सोय नाही. तेव्हा पत्र उघडंच टेबलावर, दिव्याखाली ठेवून मी ड्युटीवर जातो. 'डिंक लावून पेटीत टाकावे' अशी चिठ्ठी ठेवली आहे. काळजी नसावी, तुमची बहीण दुसऱ्याचं पत्र कधीही उघडून वाचत नाही.

ताई,
मी दुसऱ्याचं पत्र उघडून वाचत नाही, पण हे उघडंच होतं. डिंक लावून टाकतेय. तू मात्र यांना काही म्हणजे काही कळवू नकोस. बादली तुझी होती हे मला ठाऊक आहे, तरीही तोंड मिटून बस. ती गोष्ट शनिवारी मीच सांगणार आहे, आणि हे पहिल्या रांगेत बसून ऐकणार आहेत. जिन्याच्या दाराला बाहेरून कडी घालायला मी सांगून ठेवलंय.

आणि ओळखीचं म्हणशील तर माझ्या ओळी तेवढ्या कापून ठेव, बाकी पत्र उलट टपाली यांनाच परत धाड, आणि फोनवर एवढंच सांग: कंसाबाहेर नुसते दात, घड्याळं आणि बसगाड्या आहेत. शनिवारी कंस तेवढे वाचून दाखवा. दोनदा.

(चष्मा पुसून पुसून काच झिजली गं.)